बारादरीवरून दिसणारं चिमुकलं दौलताबाद

खऱ्या गावाचा फोटो खेळण्यातल्या गावासारखा भासवता येतो. तो भास कुठून येतो हे कळायला आधी एवढं करून बघा. पोळ्याला पुजलेला मातीचा बैल कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवा आणि त्याच्या शिंगांवर फोकस करून फोटो काढा. कॅमेरा फुल-फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरचा), लेन्स ५० मिलिमीटरची आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/८ असं धरलं, तर जेमतेम ४ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. शिंगं रेखीव, वशिंड जरा पुसट आणि शेपटी पार धूसर. आता सगळं तसंच ठेवून १०-११ मीटरवर उभ्या असलेल्या खऱ्या बैलजोडीवर फोकस करा. साधारण ५ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येईल: बैल, मागची कपाशी, बांधावरचा लिंब, त्याच्याही मागचा डोंगर.

हा फरक लेन्सच्या गणितातला आहे आणि आपल्या डोळ्यालाही तो चुकत नाही. अंगठा नाकासमोर धरून त्याच्याकडे रोखून बघा, मागची भिंत विरघळल्यासारखी होते. लांबच्या डोंगराकडे बघताना मात्र त्याच्या अलीकडचं पलीकडचं काहीच धूसर होत नाही. जन्मभर हेच बघत आल्यामुळे मेंदूने एक आडाखा बांधून ठेवलेला असतो: पुढेमागे धूसर आणि मध्ये स्पष्ट, म्हणजे वस्तू जवळ आहे. आणि एवढ्या जवळ असूनही अख्खं गाव नजरेत मावत असेल, तर ते गाव छोटंच असणार!

देवगिरी किल्ल्याच्या बारादरीवरून, म्हणजे माथ्याजवळच्या महालावरून, काढलेला फोटो घ्या. खाली तटबंदी, १४४५ साली उभारलेला सुमारे ६३ मीटर उंचीचा चाँद मिनार, दौलताबादची घरं, रस्त्यावरच्या गाड्या. साध्या फोटोत हे सगळं जेवढ्यास तेवढं, भव्य दिसतं. त्याच फोटोचा वरचा (लांबचा) आणि खालचा (जवळचा) भाग हळूहळू धूसर करत नेला, की मिनार टेबलावर आणून ठेवल्यासारखा वाटू लागतो आणि जीप खेळण्यातल्या. फोटोतली एक वीटही हललेली नसते.

हे मुळात लेन्स वाकवून साधलं जातं. साध्या कॅमेऱ्यात सेन्सर, लेन्स आणि स्पष्ट दिसणारं प्रतल ही तिन्ही एकमेकांना समांतर असतात. लेन्स थोडी कलती केली, की ही तीन प्रतलं एका रेषेत येऊन मिळतात आणि स्पष्टतेचं प्रतलही कलतं होतं. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. हवेतून घेतलेल्या तिरक्या फोटोंवरून नकाशे कसे करायचे, या खटपटीत त्याने १९०४ साली पेटंट घेतलं. फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए याच्या १९०१ च्या पेटंटमध्ये ही कल्पना आधीच आलेली होती. लेन्स जमिनीकडे कलवली, तर स्पष्टतेचं प्रतल शेतावर आडवं पसरतं आणि पायाजवळच्या सोयाबीनपासून लांबच्या बांधापर्यंत सगळं एकदम स्पष्ट येतं. व्यावसायिक फोटोग्राफर ही कलणारी, सरकणारी ‘टिल्ट-शिफ्ट’ लेन्स मुख्यतः त्यासाठीच वापरत आले. उलट बाजूला कलवली, की स्पष्टतेचा एक अरुंद पट्टाच उरतो. आपल्याला हवा तो हा. शिफ्ट, म्हणजे लेन्स सरकवणं, हे इमारतींच्या उभ्या रेषा सरळ ठेवण्यासाठी. चिमुकल्या दृश्यात त्याचं काही काम नाही.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते डोळ्याचं माप. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात रॉबर्ट हेल्ड, एमिली कूपर, जेम्स ओब्रायन आणि मार्टिन बँक्स यांनी २०१० साली यावर शोधनिबंध लिहिला. फोटोतल्या रेषांवरून मेंदूला फक्त प्रमाण कळतं: हे घर त्या घराच्या दुप्पट लांब, इतकंच. मीटर कळत नाहीत. धूसरपणा त्याला जोडला, की मीटर ठरतात, कारण आपल्या डोळ्याची बाहुली केवढी आहे याचा अंदाज मेंदूला असतो. हिशेब करून बघा. ५०० मीटरवरचं दौलताबाद अर्ध्या मीटरवर असल्यासारखं दिसायचं तर अंतर हजारपट घटायला हवं. उन्हात डोळ्याची बाहुली साधारण ३ मिलिमीटर असते. खऱ्या गावाकडे बघताना तेवढा धूसरपणा दिसायला ती ३ मीटर रुंद लागेल! आपला डोळा एवढा मोठा झाला असेल हे मेंदूला मान्य होत नाही, म्हणून तो गावच लहान करून टाकतो.

त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. धूसरपणा अंतराप्रमाणे वाढत गेला तर भास पक्का होतो, भलत्याच दिशेने वाढला तर फिका पडतो. मोबाइलवरच्या तयार फिल्टरची गोम इथेच आहे. तो फक्त फोटोचा वरचा आणि खालचा पट्टा पुसट करतो. चाँद मिनाराचा पाया आणि कळस आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. खरं खेळणं असतं तर दोन्ही सारखेच स्पष्ट आले असते. फिल्टर मात्र पाया रेखीव ठेवून कळस धूसर करतो. खरी कलती लेन्सही उंच वस्तूंच्या बाबतीत हीच चूक करते. म्हणून एडिटिंग करताना मिनार निवडून वेगळा करावा, त्याच्या मागचीच जमीन पुसट करावी. तेवढी उठाठेव नको असेल, तर मोंढ्यात ओळीने लागलेले ट्रॅक्टर, वाळत घातलेली हळद, जत्रेतली पालं अशी पसरट दृश्यं उंचावरून टिपावीत. खेळण्यांकडे आपण वरूनच बघतो, त्यामुळे तो कोनही भासाला मदत करतो.

वैशाखात हे फोटो नीट साधत नाहीत. धुळीने लांबचं सगळं फिकट होतं आणि त्या फिकेपणावरून मेंदू खरं अंतर ओळखतो. पाऊस सरल्यावर, अश्विनात, हवा धुतलेली असते, रंग भडक आणि सावल्या कडक. तेव्हा जावं.

व्हिडिओ करायचा असेल तर वेगही बदलावा लागतो. १०० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला खाली यायला सुमारे साडेचार सेकंद लागतात, १ मीटरवरून अर्ध्या सेकंदाहूनही कमी. आकार शंभरपट घटला की वेळ दहापटच घटतो, शंभरपट नाही. त्यामुळे खुलताबादकडे घाट चढणारी एसटी शंभरपट लहान भासवायची, तर सेकंदाला दोन-तीन फ्रेम टिपून त्या सेकंदाला पंचवीस या वेगाने दाखवाव्या लागतील. सिनेमात छोट्या मॉडेलचं धरण फुटताना दाखवणारे नेमकं उलट करतात: ॲपर्चर बारीक ठेवून सगळं स्पष्ट टिपतात आणि चित्रण संथ करून दाखवतात.