बाळ सोपवलं तर आईवर केस होते?

लग्नाआधी दिवस गेले आणि बाळ सरकारकडे दिलं तर पोलीस मागे लागतात, ही समजूत जुनी आणि घातक आहे. तिच्यापायीच तान्ही मुलं देवळाच्या पायरीवर सोडली जातात. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे बाल कल्याण समितीपुढे (मुलांच्या देखभालीचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) बाळ सोपवणाऱ्या जन्मदात्या आईवर एफआयआर नोंदवता येत नाही. आधी समुपदेशन होतं, मग बाळ सोपवल्याच्या कागदावर सही. अविवाहित आईची एकटीची सही पुरते. पुढे फेरविचाराला 60 दिवस. तोवर बाळ दत्तक जात नाही. गरोदरपणीच कोणी 'खर्च आम्ही बघतो' म्हणत कागद पुढे करत असेल, तर मात्र सावध राहा. पैसे घेऊन मूल देणं हा कलम 81 खाली गुन्हा आहे, शिक्षा 5 वर्षांपर्यंत.