मोठी अक्षरं, बोलतं बटण: ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य-संकेतस्थळांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९७ साली 'मेडलाइन' ही वैद्यकीय लेखांची सूची इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली केली. सूची होती डॉक्टरांसाठी आणि संशोधकांसाठी, पण ती चाळणाऱ्यांत सामान्य माणसंही बरीच निघाली. त्यांच्यासाठी ऑक्टोबर १९९८ मध्ये 'मेडलाइनप्लस' हे संकेतस्थळ सुरू झालं. भाषा सोपी झाली. पण आजार ज्यांना जास्त, औषधांच्या गोळ्या ज्यांच्या डब्यात जास्त, त्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना आणि बोटांना कॉम्प्युटरचा पडदा झेपतो का, हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर शोधायला ग्रंथालयाच्या जोडीला राष्ट्रीय वार्धक्य संस्था आली. ही संस्था १९७४ च्या कायद्याने उभी राहिली. तिचे पहिले संचालक रॉबर्ट बटलर. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला 'एजिझम' हा शब्द त्यांनीच १९६९ साली दिला होता. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'आजोबांना कॉम्प्युटर जमत नाही' असं म्हणून विषय संपवता येत नाही, हे तिथून सुरू होतं. न जमण्यातला मोठा वाटा पडद्याचा असतो.

दोन्ही संस्थांनी मिळून संकेतस्थळं बनवणाऱ्यांसाठी एक तपासयादी काढली. तिच्यातल्या सूचनांच्या मुळाशी वाढत्या वयाचा अभ्यास आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या-हिरव्या छटा एकमेकींत मिसळतात. म्हणून पिवळा, निळा आणि हिरवा रंग शेजारी-शेजारी नकोत. अक्षर बारा ते चौदा पॉइंटांचं, ओळींत भरपूर अंतर. आपोआप सरकणारा मजकूर नको, कारण वाचण्याचा वेग मंदावलेला असतो. दोनदा झटपट क्लिक करायला लावू नका, कारण हात थरथरतो. एका वेळी थोडीच माहिती द्या, म्हणजे मागचं लक्षात ठेवत पुढचं वाचण्याचा ताण पडत नाही.

ऑक्टोबर २००३ मध्ये याच विचारावर 'एनआयएच सीनियरहेल्थ' हे ज्येष्ठांसाठीचं आरोग्य-संकेतस्थळ उभं राहिलं. अक्षर मोठं करायचं, रंगांचा उठाव बदलायचा आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा, अशी बटणं तिथे पडद्यावरच होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरायची गरज नव्हती. ऑगस्ट २०१७ मध्ये ते बंद झालं आणि मजकूर वार्धक्य संस्थेच्या मुख्य संकेतस्थळावर गेला.

तोवर या गोष्टी सर्वसाधारण नियमांत उतरू लागल्या होत्या. वेबचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीचे, पहिले निकष १९९९ मध्ये आणि दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आणली. ज्येष्ठांच्या बहुतेक अडचणी अपंगांसाठीच्या याच निकषांत सामावतात, असं कन्सॉर्टियमच्याच वार्धक्यविषयक प्रकल्पात दिसून आलं. भारत सरकारनेही २००९ पासून आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना केल्या.

आपल्या लिपीचा प्रश्न मात्र त्या अमेरिकन यादीत येणं शक्यच नव्हतं. रोमन अक्षराच्या मानाने देवनागरीत वरच्या मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार, ऋकार यांना उभी जागा जास्त लागते. ओळी दाटीने बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. बारीक अक्षरात 'हृदय' या शब्दातला ऋकार आधी पुसट होतो, आणि मोतीबिंदू असलेल्या आजीला तोच शब्द वाचायचा असतो.