पुण्यस्मरण (कोल्हापूर)

घरातले माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांत जे दिवस पाळले जातात आणि ज्या रीती सांभाळल्या जातात, त्यांना मिळून हे नाव. शब्द वर्तमानपत्रातला आहे. घरात बोलताना माती (म्हणजे अंत्यसंस्कार), रक्षा, दिवस, महिना, वर्षश्राद्ध आणि म्हाळ (म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध) एवढेच शब्द पुरतात.

यांतली कोल्हापूरची खरी खूण म्हणजे रक्षाविसर्जन. इतरत्र दहाव्याला जे महत्त्व दिसते, ते इथे बहुतेक घरांत तिसऱ्या दिवसाच्या रक्षेला असते. निधनवार्तेची शेवटची ओळ ठरलेली असते : ‘रक्षाविसर्जन अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमी येथे.’ मातीला पोहोचता आले नाही तरी रक्षेला पोहोचायचेच, असा रिवाज आहे. भावकी, गल्ली, तालमीतली मंडळी, कामावरचे सोबती सगळे नदीकाठी जमतात. या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. दहनाला शेणी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, लागतात. होळीला त्या जाळून टाकण्याऐवजी इथे आणून देण्याची चांगली प्रथा शहरात रुजली आहे. अनेकजण वडिलांच्या किंवा आईच्या नावाने शेणी देतात. कुणाच्या तरी घरच्या शेवटच्या कामाला त्या उपयोगी पडतात, आणि हे कुणाचे घर ते देणाऱ्याला कधी कळत नाही.

रक्षा सावडून झाली की नैवेद्य ठेवतात. भात, भाकरी, आणि त्या माणसाला जे आवडायचे ते : चहाचा कप, भजी, पान, कुणाला तंबाखूची पुडी. मग सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहत उभे राहतात. कावळा पटकन शिवला तर लोक सुटकेचा श्वास टाकतात. नाही शिवला तर जीव कशात अडकला असेल याचा शोध सुरू होतो. धाकटीचे लग्न राहिले आहे, सोसायटीचे कर्ज आहे, दोन भावांचे बांधावरून बोलणे बंद आहे. जवळचा कुणीतरी पुढे होऊन, हात जोडून, सगळ्यांदेखत म्हणतो, “तुम्ही काळजी करू नगासा, तिचं आम्ही बघतो.” कावळ्याच्या खरेखोटेपणाचा वाद बाजूला ठेवला, तरी या अर्ध्या तासात गेलेल्या माणसाचे अख्खे आयुष्य बोलले जाते आणि त्याची अर्धी राहिलेली कामे चारचौघांसमोर वाटून घेतली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते पुण्यस्मरणाचा गाभा इथेच आहे.

रक्षा पूर्वी सरसकट पंचगंगेत सोडली जाई. नदीच्या प्रदूषणाची झळ गावागावांना बसू लागल्यावर बरीच कुटुंबे ती आपल्याच शेतात टाकतात किंवा खड्ड्यात घालून वर आंब्याचे, नारळाचे रोप लावतात. आठवण निघाली की त्या झाडाकडे बोट दाखवले जाते.

विधी आटोपशीर ठेवण्यामागे इथला इतिहासही आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे काम कोल्हापुरात १९११ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर वाढले. पुरोहिताशिवाय लग्न आणि उत्तरकार्य करता येते, ही गोष्ट तेव्हापासून बहुजन घरांच्या अंगवळणी पडत गेली.

खुद्द महाराजांच्या घरातले दुःख या संदर्भात सांगायला हवे. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ मध्ये शिकारीच्या वेळी अपघातात गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. महाराजांनी या लहानग्या सुनेच्या शिक्षणाची सोय केली, आणि मुलाच्या नावाने १९२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग उभे राहिले. पुढे इंदुमतीदेवींनी स्वतः मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. मुलाची आठवण याहून मोठ्या मनाने कशी जपावी?

महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. २०२२ मध्ये स्मृतिशताब्दीच्या दिवशी सकाळी दहा वाजता शहर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. त्याच महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे आता नको. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. पुण्यस्मरणाच्या नोंदीत हा ठराव हवाच, कारण गेलेल्याच्या आठवणीचा सगळा भार वर्षानुवर्षे एकट्या बाईच्या अंगावर घातला जात होता.

रक्षेची आणि म्हाळाची ही रीत सगळ्याच समाजांत नाही. दिगंबर जैन घरांत श्राद्ध घालत नाहीत, लिंगायतांत दफन करतात, मुसलमान घरांत तिसऱ्या दिवशी जियारत (गेलेल्यासाठी प्रार्थना) आणि पुढे चाळीसावा असतो.

वर्षश्राद्ध झाले की पुढे दरवर्षी भाद्रपदाच्या वद्य पक्षात, गेलेल्याच्या तिथीला, म्हाळ येतो. सवाष्ण गेलेल्या बाईचा अविधवा नवमीला, तिथी ठाऊक नसलेल्यांचा सर्वपित्री अमावास्येला. भिंतीवरच्या तसबिरीची काच पुसून हार घालतात. खीर, वडे, भजी, अळूची वडी, गवारीची भाजी, कढी असा स्वयंपाक होतो, आणि पहिले पान कौलावर किंवा गच्चीच्या कठड्यावर ठेवतात. ते शिवेपर्यंत घरातले कुणी जेवत नाही. सून कढी चाखून बघायला निघते, तर सासू तिला थांबवते, कारण नैवेद्याचे उष्टे करायचे नसते. मग स्वतःच अंदाजाने आणखी थोडे ताक ओतते आणि म्हणते, “त्यास्नी आंबट लागायची.”