राऊटरच्या यादीतील अनोळखी नाव

घरचे इंटरनेट एकाएकी मंदावले की शेजारचे कोणीतरी आपले वाय-फाय वापरत असावे, अशी शंका बहुतेकांच्या मनात येते. ती पडताळणे अवघड नाही. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) टाकून अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन केले की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. मात्र ती उघडण्याआधी आपल्याच घरातील उपकरणे कागदावर लिहून काढावीत; फोन आणि लॅपटॉप सर्वांनाच आठवतात, पण टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा आणि कपाटातला जुना टॅब हमखास राहून जातात. माझ्या घरच्या यादीत ‘एस्प्रेसिफ’ असे नाव होते आणि घरातील कोणालाच ते ओळखीचे वाटेना. एस्प्रेसिफ ही शांघायची कंपनी असून तिच्या चिप स्वस्त स्मार्ट प्लग आणि बल्बमध्ये सर्रास असतात. गीझरचा स्मार्ट प्लग बंद केल्यावर थोड्याच वेळात ते नाव यादीतून गेले. एकेक उपकरण बंद करून यादीतून काय कमी होते ते पाहणे, हीच ओळख पटवण्याची खात्रीची रीत आहे.

राऊटरला कंपनीचे नाव कळते ते मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरण नेटवर्कवर स्वतःची ओळख म्हणून सांगते त्या क्रमांकावरून. हा ४८ बिटांचा पत्ता १२ चिन्हांत लिहितात. त्यातील पहिली ६ चिन्हे सहसा उत्पादकाची असतात आणि ती आयईईई ही अभियंत्यांची संस्था वाटून देते. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून मात्र फोन आपला मूळ पत्ता न सांगता प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, कृत्रिम पत्ता घेतात. जागोजागी फिरणाऱ्या माणसाचा माग काढता येऊ नये हा त्यामागचा हेतू योग्यच आहे, पण त्यामुळे घरच्या यादीत आपलाच फोन परका दिसतो. पत्त्यातील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कृत्रिम समजावा आणि फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहावा.

एवढे करूनही एखादे उपकरण अनोळखीच राहिले, तर यादीतले ‘ब्लॉक’ बटण दाबण्याचा मोह होतो. माझ्या मते हा उपाय तात्पुरताच मानावा. ब्लॉक होतो तो मॅक पत्ता, माणूस नव्हे. फोनने नवा कृत्रिम पत्ता घेतला की दार पुन्हा उघडते. फक्त ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश देण्याची सोयही फारशी भक्कम नाही, कारण मजकूर सांकेतिक रूपात गेला तरी मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो आणि तो ऐकून दुसऱ्या लॅपटॉपला तोच पत्ता देता येतो. नेटवर्कचे नाव लपवण्याचाही असाच काही उपयोग नाही.

खरा उपाय म्हणजे पासवर्ड बदलणे. तो बदलला की परके आणि घरचे सगळेच बाहेर पडतात, आणि परत येणारे प्रत्येक उपकरण आपण स्वतः आत घेतलेले असते.

नवा पासवर्ड कसा असावा, हे आकडेमोडीवरून कळते. डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत फोन राऊटरला जोडला जाताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती हवेतून टिपली की पुढचे अंदाज चोराला स्वतःच्या संगणकावर तपासता येतात आणि राऊटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे अनेक घरांत मोबाइल नंबर हाच पासवर्ड असतो. १० अंकी नंबर ६ ते ९ या अंकांपैकी एकाने सुरू होतो, म्हणजे शक्यता ४०० कोटी. सेकंदाला १० लाख अंदाज तपासणारे ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्या सुमारे ६७ मिनिटांत संपवते. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले, सहज न सुचणारे पाच-सहा शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड घरच्यांनाही लक्षात राहतो. राऊटरमध्ये २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ या पुढच्या पद्धतीची सोय असेल तर ती सुरू करावी. तिच्यात प्रत्येक अंदाज राऊटरलाच विचारावा लागतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची सोय, तिचा पिन मात्र बंदच ठेवावा: तो ८ अंकी दिसतो, पण दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक पडताळणीपुरता असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

ही दक्षता डेटा वाचवण्यापुरती नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. तपास करत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचले. तिथल्या असुरक्षित वाय-फायचा परस्पर वापर झाला होता. बाहेरच्या जगाला घरातली सगळी उपकरणे एकाच आयपी पत्त्यामागे दिसतात, आणि तो पत्ता कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे नेतो.

पासवर्ड बदलताना राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्डही बदलावा आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करावे, कारण क्यूआर कोडने दिलेला पासवर्ड पाहुण्याच्या फोनमध्ये कायम राहतो. माझ्या घरी गीझरचा प्लग आणि कॅमेराही आता त्याच गेस्ट नेटवर्कवर आहेत, आणि मुख्य यादीतील सात नावे कागदावरच्या सात ओळींशी जुळतात.