सॉफ्टवेअरचं उत्तर पुस्तकाशी जुळत नाहीये? कंप्लेंट करायच्या आधी एवढं बघा

आमच्याकडून मॅक्झिमा, सिम्पाय ही गणिताची सॉफ्टवेअर बसवून घेतलेल्यांचे फोन बहुतेक एकाच कारणाने येतात, बेसेल, गॅमा, एरर फंक्शन असलं एखादं खास फंक्शन टाकलं की उत्तर भलतंच येतं. सॉफ्टवेअर सहसा बरोबर असतं, गडबड असते ती आकडा आत कसा गेला त्यात.

साधा डबल नंबर (कॉम्प्युटरचा नेहमीचा दशांशी आकडा) १५-१६ अंकच धरतो. एर्फ(१०), म्हणजे १० चं एरर फंक्शन, हे १ च्या इतकं जवळ आहे की कॉम्प्युटर त्याला सरळ १ च धरतो, मग तुम्ही १ वजा एर्फ(१०) केलं की पदरात शून्य. खरं उत्तर शून्य नाहीये, दशांश चिन्हानंतर ४४ शून्यं आणि मग २०८८ असं सुरू होतं. वजाबाकी स्वतः करूच नका, एर्फसी(१०), म्हणजे ही वजाबाकी आतच करून देणारं तयार फंक्शन, डायरेक्ट मागा.

दुसरा प्रकार जास्त त्रासदायक. काही जण पुस्तकातली सिरीज घेऊन स्वतःच लूप लिहितात. बेसेल जे-शून्य ५० ला काढायचं म्हटलं तर उत्तर आहे ०.०५५८ च्या आसपास, पण सिरीजमधली मधली पदं ३ वर १९ शून्यं एवढी मोठी होतात, एक अधिक एक उणे, आणि १६ अंकांत ती एकमेकांतून वजा केली की हजारोंच्या घरातली चूक शिल्लक राहते, म्हणजे धान्याच्या गोण्यांच्या काट्यावर केशर तोलण्यातलाच प्रकार. तयार फंक्शन वापरा, आणि लूप लिहायचाच असेल तर आधी ४० अंक सेट करा (मॅक्झिमात एफपीप्रेक, पायथनच्या एमपीमॅथ लायब्ररीत डीपीएस).

पण नुसते अंक वाढवूनही भागत नाही हं. ०.१ टाकून ४० अंक मागितले तर ०.१ नंतर १६ शून्यं आणि मग ५५५ असं शेपूट दिसतं, कारण ०.१ बायनरीत नेमका बसतच नाही आणि चूक तुम्ही अंक मागायच्या आधीच आत गेलेली असते. मॅक्झिमात १/१० लिहा, सिम्पायमध्ये रॅशनल(१, १०), कारण पायथनमध्ये नुसतं १/१० लिहिलं तर त्याचा परत तोच ०.१ होतो.

आता लंबकवाल्यांसाठी. ६० अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा आवर्तकाल काढताना एलिप्टिक के हे इंटिग्रल लागतं, त्यात टाकायचा आकडा, म्हणजे मॉड्युलस, येतो ०.५. मेपलला मॉड्युलसच लागतो, पण मॅथेमॅटिका आणि सिम्पाय त्याचा वर्ग मागतात, म्हणजे ०.२५. तिथे ०.५ च टाकलं तर १.६८५८ ऐवजी १.८५४१ येतं, आणि दिसायला दोन्ही आकडे व्यवस्थितच, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. हे आम्हाला सगळ्यात डेंजर वाटतं!

तपासायचा सोपा उपाय म्हणजे तेच गणित ३० आणि ५० अंकांवर चालवा, जिथपर्यंत जुळतं तिथपर्यंत साधारण भरवसा ठेवा (अर्थात मॉड्युलसचा घोळ यात सापडणार नाही). चूक जास्तीत जास्त किती याची हमखास मर्यादा हवी असेल तर आर्ब बघा, ती लायब्ररी आता फ्लिंट या दुसऱ्या लायब्ररीतच आहे, उत्तरासोबत ते किती इकडेतिकडे असू शकतं तेही देते.

एवढं करूनही नाही जुळलं तर टाकलेली कमांड जशीच्या तशी कॉपी करून पाठवा, सोबत व्हर्जन आणि पुस्तकातली व्याख्या. नुसत्या उत्तराच्या फोटोवरून काही कळत नाही हो.