साडेचाराचा आकडा आला कुठून?

स्वतःची साइट करताना अक्षरांचा रंग तपासायला गेलं की कुठलंही टूल ४.५ : १ पुढे करतं: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान एवढा फरक हवाच. या आकड्याचं मूळ वेबच्याही आधीचं आहे.

सुरुवातीला निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९३ च्या मोझॅक ब्राउझरमध्ये पान कुणाचंही असो, करड्यावर काळी अक्षरं आणि निळ्या लिंक. रंग बदलायचेच तर वाचणाऱ्याने, आपल्या मशीनवर. १९९५ मध्ये नेटस्केप १.१ या ब्राउझरने पानातच रंग लिहायची सोय दिली आणि कारभार लिहिणाऱ्याच्या हाती गेला. मग काय, जिओसिटीज या फुकट पानं देणाऱ्या साइटवरच्या हौशी पानांवर चांदण्यांच्या चित्रावर पिवळी अक्षरं, काळ्यावर गडद निळी, सगळं आलं. त्याच काळात २१६ ‘वेब-सेफ’ रंगांचा बोलबाला झाला, पण त्याचा वाचनीयतेशी संबंध नव्हता. बऱ्याच पडद्यांना २५६ रंगच झेपायचे, तिथे रंग फाटू नये एवढाच हेतू.

वेबसाठी मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने १९९९ मध्ये सुगम्यतेचे, म्हणजे अधू नजरेच्या वा अपंग माणसालाही साइट वापरता यावी यासाठीचे, पहिले नियम काढले. त्यात ‘पुरेसा फरक ठेवा’ होतं. पुरेसा म्हणजे किती, ते नव्हतं. ते डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. हिशेब सरळ आहे. पडद्यांसाठीच्या १९८८ च्या अमेरिकी मानकात ३ : १ हा किमान फरक धरला होता, तो चांगल्या नजरेसाठी. ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर साधारण २०/४० वर येते, म्हणजे चांगल्या नजरेला ४० फुटांवरून दिसतं ते त्याला २० फुटांवरून दिसतं. त्याला दीडपट फरक लागतो असं धरलं. तीन गुणिले दीड, साडेचार. नजर २०/८० असेल तर ७. मोठ्या अक्षरांना तीनवरच सोडलं.

म्हणजे ही पास होण्यापुरती रेषा आहे, आणि डिझायनर मंडळी नेमकी तिच्यावरच येऊन थांबतात. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा ४.५४ ला पास होतो, ७७७७७७ चा ४.४८ ला नापास. दोन्हींतला फरक डोळ्यांनी ओळखून दाखवावा कुणी! रंगाचा उजेड मोजायच्या सूत्रात हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन आहे, निळ्याला जेमतेम ७. म्हणून पांढऱ्यावर शुद्ध निळा ८.५९ घेतो आणि भडक लाल ४ वर अडकतो.

गडद रंगांवर गडद रंग असले की हे सूत्र फारच उदार होतं. २०१९ पासून ब्राउझर वाचणाऱ्याची डार्क मोडची आवड साइटला कळवू लागले, तशी ही उणीव जास्त टोचू लागली. शिवाय गुणोत्तर निघतं ते कोडमधल्या रंगावरून. बारीक टायपात अनुस्वार, रफार किंवा वेलांटीची टोकं काढताना पडदा कडा गुळगुळीत करतो, तेव्हा तीच रेघ लिहिलेल्या रंगापेक्षा फिकट उमटते. मराठी मजकुरासाठी मी तरी सातच्या खाली जात नाही.