स्तनांची तपासणी: कोणाची, किती वर्षांनी?

मे 1998 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या गरीब वस्त्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, वस्त्यांचे वीस गट. दहा गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन हाताने तपासायचे, अशा चार फेऱ्या. उरलेल्या दहा गटांना कर्करोगाची माहिती तेवढी द्यायची. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) नाही, महागडे यंत्र नाही.

वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. स्तनांचा कर्करोग तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे बळावलेल्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण तपासणीच्या गटात 37 टक्के होते, दुसऱ्या गटात 47. पण मृत्यू कमी झाले का? सर्व वयांत मिळून 15 टक्के घट दिसली, मात्र ती केवळ योगायोगही असू शकते. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत घट जवळपास 30 टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली. वयाची ही विभागणी मागाहून केलेली आहे, त्यामुळे हा निष्कर्ष तितका पक्का नाही, एवढे भान मात्र ठेवायला हवे. पन्नाशीच्या आत ठोस फायदा आढळला नाही.

रोग लवकर सापडला म्हणजे जीव वाचलाच असे नसते, आणि जगभरच्या वादाचे मूळ इथेच आहे. काही गाठी इतक्या संथ वाढतात की त्या स्त्रीला आयुष्यभर कधीच त्रास झाला नसता. त्या ओळखण्याची खूण आपल्याकडे नाही, म्हणून शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सगळ्यांनाच होतात. ब्रिटनमधल्या तज्ज्ञ समितीने 2012 मध्ये हिशेब मांडला: पन्नाशीपासून वीस वर्षे 10,000 स्त्रियांना मॅमोग्राफीला बोलावले, तर 43 मृत्यू टळतात आणि 129 जणींवर असे अनावश्यक उपचार होतात. अमेरिकेत चाळिशीतल्या सरसकट मॅमोग्राफीला तज्ज्ञांच्या गटाने 2009 मध्ये नकार दिला, तर सिनेटपर्यंत गदारोळ झाला. 2024 मध्ये त्याच गटाने चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली.

आपल्या केंद्र सरकारच्या 2016 च्या आराखड्यात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी आहे. मार्ग योग्य, पण वेळापत्रक मुंबईच्या पुराव्याशी जुळत नाही. फायदा दिसला तो पन्नाशीपुढे आणि दोन वर्षांच्या अंतराने. शिवाय आराखडा कागदावरच राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्क्याहून कमी जणींनी अशी तपासणी कधी करून घेतली होती.

माझ्या मते पन्नाशीपुढच्या स्त्रीला प्राधान्य द्यावे आणि तिच्याकडे दर दोन वर्षांनी जावे. हाताला गाठ लागली, तर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) कोणत्या रुग्णालयात होणार, अहवाल किती दिवसांत मिळणार आणि तालुक्याहून जिल्ह्याला जाण्याचा खर्च कोण उचलणार, हे पहिली फेरी सुरू होण्याआधीच ठरलेले हवे.